चार बहिणींचे खांब

दिव्याहून रोह्याला जाणारी गाडी पनवेल मागे टाकते आणि पेणच्या दिशेने निघते, तसे खिडकीबाहेरचे कोकण उलगडू लागते. खाडीचे पाणी, मिठागरांचे चौकोन, भातखाचरांचे बांध. पेण म्हटले की गणपतीचे कारखाने आणि पोहे-पापड आठवतात. रोहा म्हटले की धावीर महाराज आणि कुंडलिका. या दोन तालुक्यांच्या वाटेने दक्षिणेकडे उतरत गेलेल्या प्रवाशाला आणखी एक परंपरा भेटते, आणि ती या भागातल्या कोणत्याही किल्ल्याहून जुनी आहे. ती परंपरा दानाची आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी इथल्या माळ्याने, लोखंडाच्या व्यापाऱ्याने, वैद्याने, भिक्षुणीने आणि एका कारकुनाच्या पुतण्यांनी डोंगरात काय काय दिले, ते दगडावर लिहिलेले आजही वाचता येते.

ही वाट पेणपासून सुरू करायला आणखी एक कारण आहे. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढे विनोबा म्हणून ओळखल्या गेलेल्या या मुलाचे बालपण पेणच्या पूर्वेकडच्या या डोंगराळ गावात गेले. अंगणातल्या झाडाचे फळ पिकले की आधी शेजारच्या घरी पोचवायचे आणि मग आपण खायचे, हा आईचा दंडक होता. दारात धडधाकट भिकारी आला तरी तिचे देणे थांबत नसे. लहानग्या विनोबांनी त्यावर हरकत घेतली, तेव्हा घेणाऱ्याची लायकी ठरवणारे आपण कोण, असा तिचा उलट प्रश्न होता. विनोबांनी या आठवणी पुढे अनेकदा सांगितल्या.

त्या शिकवणुकीचा मोठा विस्तार १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत झाला. गावातल्या दलित कुटुंबांनी कसण्यासाठी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. त्यातून भूदानाची पदयात्रा उभी राहिली. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, हे विनोबांचे मागणे. या चळवळीत चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे मिळाली. त्यातली बरीच जमीन नापीक किंवा वादातली निघाली, वाटपही अपुरे राहिले. तरी कायद्याचा बडगा नसताना, केवळ दारात येऊन मागितल्यावर एवढ्या लोकांनी जमीन लिहून दिली, ही घटना जगात दुर्मीळ आहे.

विनोबांचा बुद्धविचाराशी जवळचा संबंध होता. धम्मपदातल्या गाथांची विषयवार नवी मांडणी करून त्यांनी ‘धम्मपद नवसंहिता’ सिद्ध केली. १९५४ साली त्यांनी बोधगयेत समन्वय आश्रम स्थापन केला. त्याच वर्षी बोधगयेत भरलेल्या सर्वोदय संमेलनात जयप्रकाश नारायण यांनी जीवनदानाची घोषणा केली. जमिनीपासून सुरू झालेले दान तिथे आयुष्यापर्यंत पोचले.

पेण सोडल्यावर रेल्वे कासू, नागोठणे करत रोह्याला येते. नागोठण्याला अंबा नदी, रोह्याला कुंडलिका. कोकण रेल्वेचा मार्ग इथूनच पुढे सुरू होतो. कुंडलिका ज्या खाडीतून समुद्राला मिळते तिथे रेवदंडा आणि चौल आहेत. हे चौल म्हणजे कान्हेरीच्या लेखांतले चेमुल, सातवाहन काळातले गजबजलेले बंदर. समुद्रावरून आलेला माल खाड्यांमधून आत चढायचा आणि घाटवाटांनी देशावर जायचा. बौद्ध लेणी याच वाटांच्या आसऱ्याने कोरली गेली, याकडे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. सुधागड तालुक्यातली ठाणाळे आणि खडसांबळे ही लेणी घाटाच्या पायथ्याशी आहेत. दाट झाडीत हरवलेल्या ठाणाळ्याच्या लेण्यांची माहिती १८९० मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड अ‍ॅबट यांच्यामुळे बाहेर आली आणि पुढच्याच वर्षी हेन्री कझिन्स यांनी त्यांच्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली.

रोह्याची दुसरी ओळखही याच विषयाशी नाते सांगते. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यात जन्मले. त्यांच्या ‘योगेश्वर कृषी’त गावकरी एका सामाईक शेतावर पाळीपाळीने येऊन श्रम देतात, ‘मत्स्यगंधा’ होड्यांवर कोळीबांधव तसेच दिवस देतात. येणारे उत्पन्न कोणा एकाचे नसते, ते अडल्यानडल्याकडे जाते. ही परंपरा गीतेची आहे, बौद्ध नव्हे. पण पैशाऐवजी दिवस देण्याची ही रीत कोकणातल्या माणसाला परकी वाटली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गागोद्याच्या विनोबांना १९५८ साली आणि रोह्याच्या शास्त्रीजींना १९९६ साली समाजनेतृत्वासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दानाचे ते लेख कुड्याच्या बौद्ध लेण्यांत आहेत. रोह्याहून घोसाळे आणि तळे करत तिकडे जाणारा रस्ता वळणावळणांचा आहे. आधी घोसाळगड दिसतो, मग तळगड. गडप्रेमी मंडळी एकाच फेरीत दोन्ही किल्ले आणि कुड्याची लेणी उरकतात. पावसाळ्यात हा सारा टापू हिरवागार असतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. मांदाड गाव जवळ आले की राजपुरीच्या खाडीचे टोक दिसू लागते. हीच खाडी पुढे जंजिऱ्याजवळ समुद्राला मिळते. लेण्यांतल्या लेखांत ‘मांदव’ घराण्याचे महाभोज येतात आणि अभ्यासक त्यांचे नाव मांदाडशी जोडतात. सातवाहनांच्या काळात कोकणाच्या या पट्ट्यात महाभोजांची सत्ता होती.

कुड्याच्या डोंगरात २६ लेणी आहेत. काही चैत्यगृहे, म्हणजे स्तूप असलेली. बाकीची भिक्षूंच्या राहण्याची. रचना साधी: पुढे ओसरी, आत खोली, खोलीत निजायला दगडी ओटा आणि बाहेर पाण्याचे टाके. कार्ल्याची भव्यता इथे नाही, अजिंठ्याची चित्रेही नाहीत. कुड्याची श्रीमंती भिंतींवरच्या ब्राह्मी अक्षरांत आहे.

हे लेख १८८१ साली जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी ‘पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख’ या संग्रहात वाचून छापले. त्यांतली नावे एकामागून एक वाचत गेले की सारा बाजार समोर उभा राहतो. वधुक माळ्याचा मुलगा सिवपिरित, तोही माळीच, त्याने एक लेणे दिले. कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी महिक याने दुसरे दिले. कऱ्हाड सह्याद्रीपलीकडे, म्हणजे घाट उतरून आलेल्या माणसाने खाडीकाठी दान केले. इसिरखित या उपासक वैद्याचा मुलगा सोमदेव याने मुलामुलींसह लेणे दिले. अयितिलु या ब्राह्मण उपासकाची बायको भयिला हिने स्वतःच्या नावाने चैत्यगृह दिले. श्रेष्ठी आहेत, तांडे घेऊन फिरणारे सार्थवाहही आहेत.

पदुमनिका नावाच्या भिक्षुणीचा लेख त्याहून विचार करायला लावतो. तिची आई नागनिका हीसुद्धा भिक्षुणी होती आणि दोन थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, तिचे मामा लागत. पदुमनिकेने आपल्या बोधी आणि असाळ्हमिता या शिष्यांसह लेणे आणि पाण्याचे टाके दिले. जिने घर सोडले, जिचे रोजचे अन्न दुसऱ्याच्या हातून येई, तीही दात्यांच्या यादीत आहे. संघात जाऊन माणूस केवळ घेणारा होत नव्हता.

सगळ्यांत नामी लेख सहाव्या लेण्यातला. इथल्या लेण्यांत हे मोठे. दर्शनी भागात हत्ती कोरले आहेत, आत स्त्रीपुरुषांची युगुले आहेत आणि पाचव्या-सहाव्या शतकांत कोरलेल्या बुद्धमूर्तीही आहेत. महाभोज मांदव खंडपालित याच्या पदरी सुलसदत नावाचा माणूस होता. त्याची बायको उतरदता. त्यांचा एक मुलगा सिवभूति, पेशाने लेखक, म्हणजे दरबारचा लिहिणारा. त्याने बायको नंदा हिच्यासह पहिले लेणे दिले. त्याचा धाकटा भाऊ सिवम याने बायको विजया हिच्यासह सहावे दिले. इथवर सारे नेहमीसारखे. पण लेख पुढे सांगतो की या लेण्यातले कोरीवकाम हे सुलसदत, सिवपालित, सिवदत आणि सपिल या मुलग्यांचे दान, आणि खांब हे सपा, सिवपालिता, सिवदता आणि सुलसदता या मुलींचे दान.

एका लेण्याचे पुण्य घरातल्या दहा जणांत असे वाटून घेतले आहे. चार भाऊ, चार बहिणी, आणि नावेही जोडीजोडीची. आजोबांचे सुलसदत हे नाव एका नातवाला आणि तेच एका नातीला. खर्च बहुधा एकाच तिजोरीतून झाला असेल. तरीही लेख कोरवून घेताना प्रत्येक लेकराच्या वाट्याला काहीतरी दिलेच पाहिजे, हे आईबापांना वाटले. मुलींनी खांब दिले म्हणजे छत पेलणारा भाग दिला. या अठराशे वर्षांत किती राजघराणी आली नि गेली. सपा आणि तिच्या बहिणींची नावे त्यांनी दिलेल्या वस्तूपाशी अजून आहेत.

दान इतके वाटून का घ्यायचे, याचे उत्तर बौद्ध साधनेच्या रचनेत सापडते. दान, शील आणि भावना ही पुण्यकर्माची तीन अंगे मानली जातात आणि त्यांत दान पहिले. दहा पारमितांतही पहिली दानपारमिता. नव्या माणसाला उपदेश करताना बुद्ध आधी दानाबद्दल बोलत, मग शीलाबद्दल, आणि मन मऊ झाल्यावर चार आर्यसत्यांबद्दल. डोळे मिटून बसण्याच्या कितीतरी आधी मुठी उघडण्याचा सराव ठेवलेला आहे. हा सराव एकाला दुसऱ्यासाठी करता येत नाही, म्हणून सिवमच्या घरात तो आठही मुलांच्या वाट्याला आला.

आणि हा सराव थेट ध्यानाचा विषयही आहे. पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात ध्यानाचे चाळीस विषय, म्हणजे कम्मट्ठाने, सांगितली. त्यांत एक ‘चागानुस्सति’, आपण केलेल्या त्यागाचे स्मरण. त्याची पद्धत नेमकी आहे. साधकाने आधी निश्चय करायचा की घेणारा समोर असताना त्याला दिल्याशिवाय एक घासही खायचा नाही. त्या दिवशी ऐपतीप्रमाणे दान करायचे. मग एकांतात बसून आठवायचे की कंजूषपणाने मळलेल्या जगात आपले मन त्या मळापासून मोकळे आहे, हा आपला केवढा लाभ. अहंकार फुगवण्याची मुभा इथे नाही. स्मरण दिलेल्या रकमेचे नसते, सैल झालेल्या पकडीचे असते. अशा स्मरणाने मन हलके होते, त्यावर प्रीती उमटते आणि चित्त समाधीच्या उंबरठ्यापर्यंत, उपचार समाधीपर्यंत, पोचते असे बुद्धघोष सांगतात.

अंगुत्तर निकायात हीच साधना महानाम शाक्याला सांगितली आहे. महानाम संसारी माणूस. त्याने चालताना, उभे असताना, बसल्या जागी, आडवे पडून, कामधंदा करताना, मुलाबाळांनी भरलेल्या घरातसुद्धा हे स्मरण करावे, असे बुद्ध त्याला सांगतात. वनात जाण्याची अट नाही. कुड्याचा माळी फुले विकायला मांदाडच्या बाजारात बसत असेल तर तिथेही त्याला हे करता आले असते.

‘विसुद्धिमग्ग’ आधुनिक वाचकांसाठी शुद्ध स्वरूपात संपादित करण्यात एका गोमंतकीय मराठी माणसाचा मोठा हात आहे. १८७६ साली गोव्यात साखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाचा धर्म शिकण्यासाठी घर सोडून श्रीलंका आणि ब्रह्मदेशापर्यंत गेले, तिथे भिक्षू झाले आणि परतल्यावर त्यांनी पाली विद्या मराठीत आणली. ध्यानाच्या या विषयांवर त्यांनी मराठीत ‘समाधिमार्ग’ हे पुस्तक लिहिले. लेण्यांकडे जाणाऱ्या वाचकाने ते आधी वाचले तर रिकाम्या खोल्या बोलू लागतात.

कारण कुड्यातले प्रत्येक दान ध्यान करणाऱ्याच्या गरजेला धरून आहे. भिक्षूला पैसा हाताळायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही, पावसाळ्यात भटकायचे नाही. कोकणातल्या चार महिन्यांच्या धारेत त्याला कोरडे छप्पर, पाठ टेकायला ओटा आणि मग उन्हाळ्यात पुरेल एवढे पाणी लागे. म्हणून लेणे आणि त्याला जोडून टाके. दात्याने आपल्या आवडीचे दिले नाही. घेणाऱ्याला जे लागते ते दिले.

असे दान वर्षानुवर्षे चालावे याची व्यवस्थाही तेव्हा होती. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, कायमचे ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज, हजारावर दरमहा शेकडा पाऊण. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस कार्षापण होते. लेण्यात वर्षावास करणारे, म्हणजे पावसाळाभर एका जागी राहणारे, वीस भिक्षू आणि प्रत्येकाला चीवरासाठी बारा कार्षापण. हिशेब बरोबर जुळतो. मुद्दल कधी मोडायचे नाही, म्हणून या ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत. आजच्या विश्वस्त निधीची ही पूर्वज.

वर्षावास आजही पाळला जातो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बुद्धविहारांत संध्याकाळी माणसे जमतात. रायगडच्या वाड्यावस्त्यांतही हेच चित्र. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया, पांढऱ्या सदऱ्यातले पुरुष, पुढ्यात मुले. त्रिशरण, पंचशील, फुले-धूप-दीपांनी बुद्धपूजा आणि मग ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन. रोज कोणाच्या तरी घरचे खीरदान किंवा अल्पोपाहार. भिक्षू उपलब्ध असतील तर भोजनदान, आणि शेवटी चीवरदान. भारतीय बौद्ध महासभेची श्रामणेर शिबिरे भरतात तेव्हा शिक्षक, कारकून, गिरणीतून निवृत्त झालेले कामगार थोड्या दिवसांसाठी मुंडन करून चीवर घालतात आणि भिक्षापात्र घेऊन वस्तीत फिरतात. एरवी देणारा माणूस त्या दिवसांत घेणाऱ्याच्या जागी उभा राहतो.

घरात मृत्यू झाला तर जलदानविधी आणि पुण्यानुमोदन होते. बौद्धाचार्य गाथा म्हणतात, पाणी ओतले जाते, आणि कुटुंबाने केलेल्या चांगल्या कामाचे पुण्य सर्वांनी आपले मानावे अशी विनंती होते. त्यावर जमलेल्यांनी तीनदा ‘साधु’ म्हणायचे. कालकथित माणसाच्या नावाने विहाराला घड्याळ, पंखा, सतरंजी, पुस्तके, शाळेला वह्या दिल्या जातात. विहाराच्या भिंतीवर संगमरवराच्या पाटीत देणगीदारांची नावे असतात. एखाद्याची खुर्ची, एखाद्याच्या आईच्या स्मरणार्थ कपाट, एखाद्या महिला मंडळाची बुद्धमूर्ती. कुड्याचे लेख वाचून आलेल्या माणसाला या पाटीची रीत लगेच ओळखू येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात प्रत्येक बौद्धाने उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, असे आवाहन केले. समोर बसलेली माणसे बहुतांश भूमिहीन आणि मजूर होती. शतकानुशतके ज्यांना फक्त घेणारे म्हणून वागवले गेले त्यांना बाबासाहेब दाता होण्यास सांगत होते. गावोगावी वर्गणी काढून उभे राहिलेले विहार हे त्या आवाहनाला मिळालेले उत्तर आहे.

विपश्यनेच्या केंद्रांतही दानाचा नियम विचारपूर्वक ठेवला आहे. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून १९६९ साली भारतात आले आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी केंद्र उभे राहिले. दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नाही. राहणे-जेवण आधीच्या साधकांच्या दानातून चालते. ज्याने एकही शिबिर पूर्ण केलेले नाही त्याचे दान स्वीकारले जात नाही. शेवटी मंगल मैत्री, म्हणजे मिळालेली शांतीही वाटून टाकायची, आणि मग ज्याला वाटेल त्याने पुढच्या अनोळखी साधकासाठी द्यायचे.

कुडा पाहायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; पावसात डोंगर देखणा असला तरी दगड निसरडा होतो. सकाळचे तिरपे ऊन असताना अक्षरे नीट दिसतात. त्यांवर पाणी, खडू किंवा रंग लावू नये. हे लेख झिजले तर दुसरी प्रत नाही. रोह्याहून स्वतःचे वाहन सोयीचे, कारण तळ्यापुढे एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत. परतताना तळे-इंदापूर मार्गे मुंबई-गोवा महामार्गाला लागून दक्षिणेकडे गेले की महाडजवळ गांधारपाल्याची लेणी लागतात. तिथे कानभोअ वेण्हुपालित नावाच्या कुमाराचा लेख आहे. लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि दोन्ही बाजूंची पाण्याची टाकी अशी दानाची यादी देऊन झाल्यावर त्याने लेण्याला जोडणारी वाटही दिल्याची नोंद केली आहे.